पंधरा ते चाळीस

डोक्यावरची काळी टोपी काढून टेबलावर ठेवली, की समजायचं, मुन्शीजी आता कुणाचा तरी मृत्यू लिहिणार. जन्माची नोंद ते टोपी घालून लिहीत. मृत्यूची लिहिताना टोपी उजव्या हाताशी ठेवत, टाकाचं टोक चिंधीला पुसत आणि समोर बसलेल्या कोतवालाला विचारत, "वय?" सत्तर-ऐंशी सांगितलं की "ठीक" म्हणून लिहून टाकायचे. पंधरा ते चाळीसच्या मधलं निघालं की मात्र टाक थांबायचा. खिडकीबाहेरच्या लिंबाकडे बघत हळूच म्हणायचे, "हे लवकर झालं." मग लिहायचे, आणि समासात पेन्सिलीनं एक बारीक टिंब द्यायचे.

कचेरीतल्या लोकांनी या वाक्याची पार वाट लावली होती. चहा आला की कुणीतरी खिडकीकडे बघून म्हणायचं, "हे उशिरा झालं." मुन्शीजी स्वतःही हसायचे. पण वही उघडली की हसणं बंद.

त्यांचं नाव सांगत नाही. त्यांच्या घरचे तुळजापुरात अजून आहेत, आणि जे सांगणार आहे ते त्यांच्या घरातलंच आहे. तालुकाही सांगत नाही. उस्मानाबाद जिल्ह्यातला एक, एवढं पुरे. संस्थान जाऊन काही वर्षं झाली होती. कचेरीतले कागद उर्दूतून मराठीत आले होते, माणसं सावकाश येत होती. मुन्शीजी निजामाच्या वेळचे, उर्दूत शिकलेले. मराठी वहीसुद्धा चुकून मागच्या बाजूनं उघडायचे आणि "अरे हो" म्हणून फिरवायचे. मी तीस वर्षांत असे बरेच कारकून पाहिले, तुम्हीही पाहिले असतील. आकडे भरणारे पुष्कळ असतात. आकड्याशी बोलणारा हा एकच पाहिला.

मी सोलापूरला शिकून सरकारी दवाखान्यात सुईणबाई म्हणून आले होते. लोक नर्सबाई म्हणायचे. तोंडानं फटकळ आहे, ते तुम्हाला वाचता वाचता कळेलच. जन्माचे आकडे द्यायला पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले, तर नमस्कार नाही की चमत्कार नाही, थेट विचारलं, "वय?"

मी म्हटलं, "माझं कशाला? मी काय मेलेय?"

"जिवंत माणसाचं वय विचारलं तर खूश व्हावं, बाई."

"चोवीस."

त्यांनी मान हलवली. म्हणाले, "छान. सांभाळा." पुढं पाहिलं, तर प्रत्येक तरण्या माणसाला ते हेच म्हणायचे. एस. टी.च्या कंडक्टरला, फवारणीवाल्या पोरांना, नव्या तलाठ्याला. ज्याला त्याला, "सांभाळा."

कामाची रीत अशी होती. गावात माणूस गेलं की पाटील चिठ्ठी करायचा आणि बाजारच्या दिवशी कोतवाल ती घेऊन तालुक्याला यायचा. चिठ्ठीत बहुतेक वेळा वय नसायचं, बाईचं नाव तर नसायचंच. 'अमक्याची बायको, ताप' एवढंच. मुन्शीजी कोतवालाला बसवून घ्यायचे. "बाईला नाव असतं," म्हणायचे. कोतवाल डोकं खाजवायचा. मग बाजारातून त्या गावची कुणी बाई शोधून आणायची, तिला विचारायचं, तेव्हा नाव लागायचं. त्यांचा एक नियम होता. सांगणारा वेगळा पाहिजे, लिहिणारा वेगळा. एकदा त्यांच्याच गल्लीतला माणूस गेला. दोन घरं सोडून राहायचा. तरी कुणी येऊन सांगेपर्यंत चार दिवस त्यांनी नोंद केली नाही. मी म्हटलं, "अहो, खांदा दिलात ना त्याला?" तर म्हणाले, "खांदा शेजाऱ्यानं दिला. नोंद कारकून करतो."

आता त्यांचं खरं वेड सांगते. कचेरी सुटली की ते तासभर थांबायचे. कपाटातून निजामाच्या वेळच्या उर्दू वह्या काढायच्या, शेजारी नव्या मराठी वह्या ठेवायच्या, आणि जुन्या काळी तरणी माणसं किती मरत होती, आता किती मरतात, हे ताडून बघायचं. पंधरा ते चाळीस, तेवढीच. मी विचारलं, बाकीच्यांनी काय घोडं मारलंय? म्हणाले, "म्हाताऱ्यांचं समजू शकतो. लेकरांचं दुःख मोठं आहे, पण त्यांच्याकडं बघायला तुम्ही, डॉक्टर, सरकार, सगळे लागलेत. मधलं माणूस काही मरत नाही असं सगळे धरून चालतात, म्हणून त्याच्याकडं कुणी बघत नाही. आणि तेच गेलं की घर बसतं."

मी त्यांच्या वह्या चाळल्या. मला दिसलं, की एका मोठ्या गावात पूर्वीपेक्षा आता टिंबं जास्त होती. मी म्हटलं, "मग वाईटच झालं की."

"बाई, भाकरी करता ना? दहांतल्या दोन करपल्या, आणि पन्नासांतल्या तीन. तवा कुठला वाईट?"

"दहांचा."

"मग मेलेले एकटे मोजू नका. जिवंत किती होते ते आधी विचारा." त्यासाठी त्यांनी खानेसुमारीचे जुने-नवे कागद उतरवून घेतले होते. गाव केवढं होतं, केवढं झालं, त्यात तरणी माणसं किती. मला शिकवणाऱ्या बाईंनाही हे इतकं सोपं करून सांगता आलं नव्हतं.

जुन्या वह्यांत आणखी एक घोळ होता. वयाच्या जागी नुसतं 'जवान' लिहिलेलं. आता जवान म्हणजे अठरा का अडतीस? मुन्शीजी सुट्टीच्या दिवशी एस. टी.नं, नाहीतर पायी, त्या त्या गावाला जायचे आणि म्हातारी माणसं गाठायचे. अशाच एका गावी मी एकदा त्यांच्याबरोबर होते. एका आजीला त्यांनी विचारलं, तुमचा दीर गेला तेव्हा केवढा होता? आजीनं विचार केला. "मिसरूड फुटलं हुतं, पर बैलजोडी एकट्याला आवरत न्हवती." मुन्शीजींनी खिशातला कागद काढून लिहिलं, सतरा. परत येताना मी त्यांना यावरून इतकं पिडलं, की शेवटी ते म्हणाले, "बाई, तुम्हाला बैलजोडी आवरते का?"

दोनेक वर्षांनी त्यांचं ताडून झालं. पुरुषांत टिंबं कमी झाली होती. खरोखर कमी झाली होती, भाकरीच्या हिशोबानंही. पटकीची लस आली होती, हिवतापाची फवारणी घरोघर होत होती, त्याचा गुण होता. आणि बायकांचं पान तर विचारूच नका. मी आल्यापासूनच्या दोन वर्षांत टिंबं निम्म्यावर आली होती. मुन्शीजींनी ते पान माझ्यासमोर धरलं. त्यांचे डोळे भरून आले होते. "तुमच्या हाताला यश आहे, बाई."

मला आभाळ ठेंगणं झालं. तहसीलदार साहेबांना तर त्याहून. अहवाल जिल्ह्याला जाणार होता, आपल्या तालुक्यात तरण्या बायका मरायचं प्रमाण निम्म्यावर आलं, असं त्यात येणार होतं, आणि मला कौतुकाचं पत्र मिळणार होतं. अख्खा दिवस मी ते कौतुक मिरवत फिरले. ते आजही मला बोचतं.

कारण संध्याकाळी पीठ मळायला बसले आणि हात थांबले. त्याच उन्हाळ्यात तीन पोरी माझ्या हातात गेल्या होत्या. एक रक्तस्रावानं, एक झटके येऊन, आणि एक तीन दिवस अडल्यावर बैलगाडीत. तिघी पहिलटकरणी. मी पान पाहिलं होतं. तिघींच्या गावांपुढं एकही टिंब नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायच्या आत मी दारात उभी होते. मुन्शीजींनी वही काढली, गाव काढलं, बोट फिरवलं. नव्हत्या. योगायोगानं तो बाजारचा दिवस होता. त्यातल्या एकीच्या माहेरचा कोतवाल आला, त्याला विचारलं. तो म्हणाला, "ती दिल्याली पोर. आमच्या गावची न्हाय ती आता. सासरच्यांनी लिवायची." दुपारी तिच्या सासरचा कोतवाल आला. तो म्हणाला, "आमच्यात कुठं मेली? म्हायेरात गेली की. आमच्या गावात मौत झालीच न्हाय."

दोघंही खरं बोलत होते. पहिलं बाळंतपण माहेरी. पोर मरायची ती माहेरी, आणि ती माणूस सासरची. ही वही म्हणायची त्या वहीत असेल, ती म्हणायची हिच्यात. दोन्हीकडं नाही.

मी चिडले. कोतवालांना काय काय बोलले. मुन्शीजी म्हणाले, "त्यांना बोलू नका. हे मी शिकवलंय."

मग सांगितलं. निजामाच्या वेळी अशी भानगड नव्हती. ज्या गावात माणूस जाई, त्या गावचा कोतवाल सांगे, संपलं. मी यायच्या थोडं आधी नवे छापील कागद आले, त्यात 'कायम राहण्याचं गाव' असा रकाना आला. मुन्शीजींना वाटलं, एकच माणूस दोन गावांत मोजलं जाईल, सगळा ताळा बिघडेल. म्हणून त्यांनी सगळ्या कोतवालांना पटांगणात उभं करून बजावलं होतं, बाहेरगावचं माणूस आपल्या चिठ्ठीत घ्यायचं नाही. पुरुष आपल्या गावातच मरतो, त्याला काही फरक पडला नाही. पोरींना पडला. नीटनेटकं करायला गेले आणि तालुक्यातल्या पहिलटकरणी पुसून टाकल्या.

हे बोलताना त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. समोर कुणी कोतवाल नव्हता.

"माझी कमल अशीच गेली, बाई. तुम्ही यायच्या आधी. पहिलटकरीण, माझ्याच घरात. दुसऱ्या दिवसापासून मी इथं बसलो होतो, ही वही समोर होती, आणि मी लिहिलं नाही. म्हटलं, ती आता तिकडची. जावयाच्या गावी पाटलाला पत्र टाकलं, नोंद करा म्हणून."

"केली असेल त्यांनी."

"बघितलं पाहिजे," ते म्हणाले.

तिचं सासर शेजारच्या तालुक्यात. मुन्शीजी सकाळच्या एस. टी.नं गेले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आले. मी दवाखान्याच्या पायरीवर होते. ते रस्त्याच्या कडेनं आले, छत्री मिटली आणि उभे राहिले. "नाही. तिथंही नाही." मग म्हणाले, "सगळ्या तालुक्याची तरणी माणसं मोजत बसलो, बाई. आणि माझी पोर कुणी मोजलीच नाही." मी पायरीवर सरकून त्यांना जागा केली. पंधरा ते चाळीस हे वेड त्यांना कधीपासून लागलं, हे मला त्या पायरीवर कळलं.

त्यांनी साहेबांना सांगितलं, अहवाल थांबवा, बायकांचं पान खोटं आहे. साहेब तसे वाईट नव्हते, पण तरुण होते, आणि त्यांचा कागद तयार होता. ते म्हणाले, "मुन्शीजी, तुम्ही माझा तालुका मागं नेताय."

"मागं नेत नाही, साहेब. आहे तिथं दाखवतोय."

साहेबांनी दोन महिने दिले. तेवढ्यात हरवलेल्या पोरी शोधायच्या होत्या. मुन्शीजी बायकांना काय विचारणार? ते काम माझं. मी बाळंतिणी बघायला गावोगाव जायचेच. जाईन तिथं घरातल्या मोठ्या बाईला विचारायचे, लेकी किती दिल्या? ती म्हणायची चार. आता हाईत किती? तीन. मग चौथीचं नाव, वय, महिना विचारायचा. काही जणी लगेच सांगायच्या, जशा कुणी विचारायची वाटच बघत होत्या. काही जणी उठून आत जायच्या. एक बाई सुपात जोंधळे पाखडत होती. तिनं पाखडणं थांबवलं नाही. नाव सांगितलं, वय सांगितलं, आणि मग म्हणाली, "आता लिवून काय व्हतंय बाई?"

परत आल्यावर मी तोच प्रश्न मुन्शीजींच्या अंगावर टाकला. त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, "काही होत नाही. फक्त पन्नास वर्षांनी माझ्यासारखा कुणी रिकामटेकडा मोजायला बसला, तर त्याला वाटेल, या तालुक्यात पोरी मरतच नव्हत्या. मग तो त्यांच्यासाठी काही करणार नाही."

बाजारच्या एका दिवशी त्यांनी सगळे कोतवाल पुन्हा पटांगणात जमवले. टोपी काढली. म्हणाले, "मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं. आजपासून, ज्या गावात धूर निघाला किंवा माती दिली, त्याच गावानं लिहून आणायचं. पोर दिलेली असो नाहीतर पाहुणी असो."

एक म्हातारा कोतवाल मागून म्हणाला, "मुन्शीजी, आधी असंच हुतं की. तुमीच तर मोडलं." सगळे हसले. मुन्शीजीही हसले. "व्हय," म्हणाले, "म्याच मोडलं." एरवी कचेरीत ते असं बोलायचे नाहीत.

सापडल्या तेवढ्या पोरी वहीत आल्या. प्रत्येकीची आई नाहीतर भाऊ येऊन समोर बसला, सांगितलं, मुन्शीजींनी 'उशिरा नोंद' म्हणून लिहिलं, साहेबांनी सही केली. प्रत्येकीपुढं टिंब. पुन्हा सगळं ताडून झालं, तेव्हा चित्र असं निघालं: पुरुषांचा तवा सुधारला होता, बायकांचा जुन्या काळी होता तसाच होता. माझ्या हाताला यशबिश काही नव्हतं. कौतुकाचं पत्र आलं नाही, ते बरंच झालं, आलं असतं तर मी फाडलं असतं. साहेबांनी तोंड वाकडं करून का होईना, अहवाल खरा पाठवला. वर्षभरानं आम्हाला आणखी एक सुईणबाई आणि अडलेल्या बाईला न्यायला जीप मिळाली. अहवालामुळे मिळाली का, देव जाणे. मुन्शीजींना तसं वाटायचं, आणि मी कधी वाद घातला नाही.

पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. सापडलेल्या सगळ्या पोरी वहीत आल्या. कमल आली नव्हती. मी जीभ आवरली. जन्मात मी फार कमी वेळा आवरली आहे.

अहवालानंतर सहा वर्षांनी मुन्शीजी निवृत्त झाले. हार झाला, पेढे झाले, साहेब चांगलं बोलले. दुसऱ्या दिवशी ते तुळजापूरला कायमचे जाणार होते. लोक पांगल्यावर मी निरोप घ्यायला त्यांच्या खोलीत गेले. ते आपल्या खुर्चीत नव्हते. टेबलाच्या अलीकडं, कोतवाल बसायचे त्या बाकावर बसले होते. टोपी टेबलावर होती. वही उघडी होती, सरळ बाजूनं.

"बसा," त्यांनी आपल्या खुर्चीकडं हात केला. "नवा कारकून अजून रुजू झाला नाही. आणि मला तुमच्या हातचंच पाहिजे."

मी बसले. टाक घेतला, चिंधीला पुसला. त्यांना शोभेल असं सगळं करायचं होतं.

"नाव?"

"कमल."

"सासरचं नाव काय होतं?"

"ते राहू द्या. तिकडं कुणी लिहिलं नाही. इथलंच लिहा."

मी लिहिलं. गाव विचारलं, त्यांनी आमच्याच तालुक्याचं सांगितलं. कारण विचारलं, तेव्हा म्हणाले, तुम्हाला माहीत आहे ते लिहा. एकच रकाना राहिला. मी तो शेवटी ठेवला होता. गेली कित्येक वर्षं या खोलीत तो प्रश्न एकच माणूस विचारत आला होता.

"वय?"

"एकोणीस."

मी खिडकीकडं पाहिलं नाही, त्यांच्याकडं पाहिलं. ते वाट बघत होते. इतकी वर्षं सगळ्या तालुक्याला त्यांनी ते वाक्य म्हटलं होतं, त्यांना ते कुणी म्हटलं नव्हतं.

"हे लवकर झालं, मुन्शीजी," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. दोन्ही हात बाकावर टेकून रडले, आवाज न करता. मग डोळे पुसले आणि टेबलावरची पेन्सिल माझ्याकडं सरकवली. मी समासात टिंब दिलं.

ते उठले, टोपी घातली, दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "सांभाळा, बाई." मी तेव्हा बत्तीस वर्षांची होते.